‘स्टाफ’मध्ये जाणाऱ्या कामगाराचा हक्क

प्रति,
मा. कामगार मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : कायम कामगाराला पर्यवेक्षकपदी बढती देताना त्याला हक्कांची लेखी माहिती आणि मूळ पदावरचा धारणाधिकार मिळण्याबाबत

महोदय,

कारखान्यातील कायम कामगाराला सुपरवायझरपदाचे पत्र मिळते तेव्हा त्याचे पद वाढते आणि त्याच दिवशी कायद्यातली त्याची जागाही बदलते. पहिली गोष्ट पत्रात ठळक अक्षरांत असते, तर दुसरीचा बहुधा उल्लेखही नसतो. चाकण, भोसरी, रांजणगाव, अंबड, सातपूर, वाळूज या औद्योगिक पट्ट्यांत या बदलाला ‘स्टाफमध्ये जाणे’ असे म्हणतात. स्टाफमध्ये जाणारा माणूस युनियनच्या करारातून आणि बहुतेक कामगार कायद्यांच्या संरक्षणातून बाहेर पडतो. असा निर्णय घ्यावा की घेऊ नये, हे ज्याचे त्याने ठरवायचे. मात्र पूर्ण माहिती हाती असल्याशिवाय आणि परतीची वाट शिल्लक असल्याशिवाय तो निर्णय खऱ्या अर्थाने त्याचा राहत नाही. ही माहिती देणे आणि ती वाट राखून ठेवणे हे कामगार विभागाचे काम आहे.

कामगारांमधूनच कामगारांवर देखरेख करणारा माणूस उभा करण्याची पद्धत महाराष्ट्राला नवी नाही. मुंबईच्या कापड गिरण्यांत हे काम जॉबर करी. गावाकडून माणसे आणणे, त्यांना साच्यावर लावणे, रजा देणे, बदलीवाल्यांना उभे करणे हे सगळे त्याच्या हातात होते. बायकांच्या खात्यांत हीच सत्ता नायकिणीकडे असे. जॉबर कामगारांचा माणूस होता आणि मालकाचाही होता. भरतीसाठी घेतली जाणारी दस्तुरी हा त्या दुहेरी जागेचाच परिणाम होता. 1929 मध्ये नेमलेल्या व्हिटली आयोगाने 1931 च्या अहवालात जॉबरच्या भरतीच्या अधिकारावर कडक टीका केली आणि भरतीसाठी स्वतंत्र कामगार अधिकारी असावेत असे सुचवले. 1934 मध्ये मुंबई प्रांतात औद्योगिक तंट्यांत समेट घडवण्याचा कायदा झाला आणि त्यानुसार सरकारी कामगार अधिकारी आला. सत्ता आणि कामगार यांच्या मधल्या जागेवर उभ्या असलेल्या माणसाकडे शासनाने लक्ष द्यावे, ही अपेक्षा तेव्हापासूनची आहे.

आजच्या सुपरवायझरकडे जॉबरची सत्ता नाही, पण त्याची मधली जागा तीच आहे आणि ती कायद्याने आखलेली आहे. 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्यात ‘कामगार’ या व्याख्येतून मुख्यतः व्यवस्थापकीय काम करणाऱ्यांना वगळले होते. पर्यवेक्षकांसाठी 1956 च्या दुरुस्तीपासून वेतनाची मर्यादा आली. पर्यवेक्षक दरमहा 500 रुपयांपेक्षा जास्त वेतन घेत असेल, तर तो कामगार नव्हे, अशी ती तरतूद होती. 1982 च्या दुरुस्तीने ही मर्यादा 1,600 आणि 2010 मध्ये 10,000 रुपये झाली. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेत ती 18,000 रुपये आहे आणि ती वाढवण्याचा अधिकार केंद्र सरकारला आहे. मोठ्या कारखान्यात युनियनच्या वेतन करारात येणाऱ्या कायम कामगाराचे वेतन हा आकडा सहज ओलांडते. त्यामुळे त्याच्या बाबतीत ही मर्यादा नावापुरतीच उरते. देखरेखीचे काम खरोखर हाती घेतले की तो ‘कामगार’ या व्याख्येबाहेर जातो.

पदाचे नाव मात्र निर्णायक नाही. नावात ‘सुपरवायझर’ किंवा ‘ऑफिसर’ असले म्हणून माणूस आपोआप व्याख्येबाहेर जात नाही. त्याचे मुख्य काम कोणते हे पाहावे आणि त्यासोबत येणारी किरकोळ देखरेख बाजूला ठेवावी, असे सर्वोच्च न्यायालयाने 1985 मध्ये सिबा-गायगी कंपनीच्या मुंबईतील कर्मचाऱ्याच्या खटल्यात सांगितले. म्हणून ज्याला नवे पदनाम मिळाले पण जो अजूनही दिवसभर मशीनवरच उभा असतो, तो कामगार असल्याचा दावा करू शकतो. तो दावा सिद्ध करायला वर्षे जातात आणि तोवर नोकरी गेलेली असते. न्यायालयातल्या या लांबलेल्या वाटेपेक्षा बढतीच्या पत्रातली चार स्पष्ट वाक्ये कामगाराला जास्त उपयोगी पडतील.

व्याख्येबाहेर गेल्यावर कोणकोणते संरक्षण सुटते, हे क्रमाने पाहिले पाहिजे. कामगार कपात करायची असेल तर किमान वर्षभर सलग सेवा झालेल्या कामगाराला एक महिन्याची नोटीस आणि सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांच्या सरासरी वेतनाइतकी भरपाई द्यावी लागते. संहितेनुसार 300 किंवा त्याहून अधिक कामगार असलेल्या कारखान्यात कपातीपूर्वी शासनाची परवानगी लागते. कामगाराला निलंबित केले तर पहिले 90 दिवस निम्मे वेतन आणि त्यानंतर चौकशी त्याच्या चुकीमुळे लांबली नसेल तर पाऊण वेतन निर्वाह भत्ता म्हणून मिळते. कामावरून काढण्याची शिक्षा गुन्ह्याच्या मानाने जबर वाटली तर न्यायाधिकरण ती कमी करू शकते आणि कामगाराला परत कामावर घेण्याचा आदेश देऊ शकते. सुपरवायझरला यातले काही मिळत नाही. त्याची नोकरी नेमणूक पत्रातल्या अटींवर चालते. त्या पत्रात ‘एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार’ असे असेल तर तेवढ्यावर ती संपू शकते. दाद मागायची तर दिवाणी न्यायालयात जावे लागते. व्यक्तिगत सेवेचा करार न्यायालय सामान्यतः सक्तीने पाळायला लावत नाही, त्यामुळे तिथे फार तर नुकसानभरपाई मिळते, खुर्ची परत मिळत नाही.

काही हक्क मात्र कायम राहतात आणि तेही कामगाराला ठाऊक असले पाहिजेत. भविष्य निर्वाह निधी चालू राहतो. ग्रॅच्युइटी सुपरवायझरला आणि मॅनेजरलाही मिळते. मालक तोच असेल आणि सेवा सलग असेल तर कामगार म्हणून केलेली सगळी वर्षे मोजली जातात. इथे एक धोका आहे. काही ठिकाणी कामगाराकडून आधी राजीनामा लिहून घेतात आणि मग त्याला ‘नवीन नेमणूक’ देतात. अशा कागदावर सही केली की सेवा खंडित झाल्याचा वाद उभा राहतो आणि वीस वर्षांची सेवाज्येष्ठता त्यात अडकते. बढती ही बढतीच्या पत्रानेच झाली पाहिजे, राजीनाम्याच्या वाटेने नाही.

संघटना करण्याचा हक्कही पूर्णपणे जात नाही. 1926 च्या ट्रेड युनियन कायद्यात उद्योगात काम करणारी प्रत्येक व्यक्ती येत होती आणि त्याच आधारावर बँकांमध्ये अधिकाऱ्यांच्या बळकट संघटना उभ्या राहिल्या. महाराष्ट्रातल्या बँक कारकुनाला अधिकारीपदाची बढती मिळते तेव्हा तोही काय मिळेल आणि काय सुटेल याचा हिशेब मांडतो. कारकुनाची बदली साधारण मर्यादित भागात होते, अधिकाऱ्याची देशात कुठेही होऊ शकते. म्हातारे आईवडील किंवा मुलांची दहावी-बारावी असलेले कित्येक जण बढतीच्या परीक्षेला बसतच नाहीत. जे बढती घेतात त्यांच्या मागे निदान अधिकाऱ्यांची संघटना तरी असते. खासगी कारखान्याच्या सुपरवायझरच्या मागे बहुधा कोणीच नसते.

हा प्रश्न भारतापुरता नाही. अमेरिकेत 1941 मध्ये डेट्रॉइटच्या मोटार कारखान्यांत फोरमन लोकांची स्वतंत्र संघटना उभी राहिली. 1947 मध्ये पॅकार्ड मोटार कंपनीच्या खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने फोरमनला कामगार कायद्याचे संरक्षण दिले, पण त्याच वर्षी टाफ्ट-हार्टली कायद्याने पर्यवेक्षकांना त्यातून वगळले. तेव्हापासून तिथल्या अनेक युनियन करारांत बढती घेतलेल्या माणसाला ठरावीक मुदतीत जुन्या कामावर परत येण्याची आणि ज्येष्ठता राखण्याची तरतूद केलेली आढळते. कायद्याने भिंत उभी केली तेव्हा त्यात दार ठेवण्याचे काम करारांनी केले.

पैशाच्या बाजूचा हिशेब वरवर सोपा दिसतो, प्रत्यक्षात तो फसवा असतो. एक नमुना घेऊ. कामगाराचे मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून 26,000 रुपये, इतर भत्ते 8,000, एकूण 34,000. महिन्याचे 26 दिवस आणि दिवसाचे आठ तास धरले तर तासाला 125 रुपये होतात. ओव्हरटाइम दुप्पट दराने म्हणजे 250 रुपये. महिन्याला 16 तास ओव्हरटाइम झाला तर 4,000 रुपये वाढून हाती पडणारी रक्कम, कपातीपूर्वी, 38,000 होते. समजा त्याला स्टाफमध्ये दरमहा 46,000 रुपये ‘सीटीसी’ (कंपनीला पडणारा एकूण खर्च) दिला. कामगाराला वाटते की पगार थेट 12,000 ने वाढला. पण सीटीसीमध्ये मालकाची भविष्य निर्वाह निधीची वर्गणी आणि ग्रॅच्युइटीची तरतूदही धरलेली असते. मूळ वेतन 23,000 धरल्यास पहिली रक्कम 2,760 आणि दुसरी सुमारे 1,106 रुपये. त्या वजा केल्यावर उरतात 42,134. म्हणजे प्रत्यक्ष वाढ चार हजारांच्या आसपास. यापुढे ओव्हरटाइम नाही, कारण देखरेखीच्या पदावरील माणसाला कामाच्या तासांचे आणि जादा कामाच्या दुप्पट मोबदल्याचे नियम सामान्यतः लागू होत नाहीत. शिफ्ट संपल्यावर उत्पादनाचा अहवाल, बिघडलेल्या मशीनचा पाठपुरावा आणि पुढच्या शिफ्टला काम सोपवणे यात रोज तास-दीड तास गेला तरी त्याचे वेगळे पैसे मिळत नाहीत.

याच नमुन्यात आणखी एक तोटा दडलेला आहे. ग्रॅच्युइटी शेवटच्या मूळ वेतनावर आणि महागाई भत्त्यावर, संपूर्ण सेवेसाठी मोजतात. 26,000 वर वर्षामागे 15,000 रुपये होतात. 23,000 वर 13,269. वीस वर्षांच्या सेवेत हा फरक 34,600 रुपयांपेक्षा जास्त होतो आणि तो कामगार म्हणून केलेल्या वर्षांनाही लागू होतो. म्हणून सीटीसीच्या एकूण आकड्याआधी मूळ वेतनाचा आकडा पाहावा. दरवर्षीच्या वाढीचेही तसेच आहे. कामगाराची वाढ वेतन कराराने ठरते आणि कराराच्या मुदतीत ती देणे मालकाला बंधनकारक असते. स्टाफची वाढ ऍप्रेझलवर ठरते. चांगल्या वर्षी ती करारापेक्षा जास्त असू शकते, मंदीच्या वर्षी शून्य. दिवाळीचा बोनस करारानुसार मिळत असेल तर तोही स्टाफमध्ये कंपनीच्या धोरणावर जातो. ज्यांचे वेतन 21,000 रुपयांच्या आत आहे आणि जे राज्य कामगार विम्याखाली येतात, त्यांनी बढतीनंतर कुटुंबाच्या औषधोपचाराची काय सोय राहील हेही आधीच विचारायला हवे.

पैशापेक्षाही अवघड बदल माणसांतला असतो. कालपर्यंत जो शेजारच्या मशीनवर होता, त्याची हजेरी आज सुपरवायझरने घ्यायची असते. कोणाला कोणत्या मशीनवर लावायचे, कोणाची रजा पुढे पाठवायची, कोणाचा उशीर लिहायचा, हे त्याच्या हातात येते. त्याने लिहिलेला एक रिपोर्ट चार्जशीटचा आधार होतो आणि चौकशीत त्याला साक्ष द्यावी लागते, तीही ज्याच्या घरच्या लग्नात तो जेवून आला त्याच्याविरुद्ध. संपाच्या दिवसांत कामगार गेटबाहेर असतात आणि स्टाफने लाइन चालू ठेवावी अशी अपेक्षा असते. ज्याने आयुष्यभर युनियनची वर्गणी भरली, कमिटीत काम केले, त्याला या दिवसाचा विचार बढती घेण्यापूर्वीच करावा लागतो. संप सुरू झाल्यावर तो करायला वेळ नसतो.

तरीही बढती घेण्याची कारणे खरी आणि भक्कम आहेत. मशीनचा आवाज ऐकून बिघाड ओळखणारा, कोणत्या जिगमध्ये हात अडकण्याचा धोका आहे हे जाणणारा माणूस सुपरवायझर झाला की अपघात टळतात आणि नव्या पोराला नीट शिकवले जाते. पन्नाशीकडे झुकलेल्या शरीराला तीन शिफ्टमध्ये उभे राहणे जड जाते. हाताखाली कंत्राटी आणि ट्रेनी कामगार असतील तर त्यांच्याशी माणुसकीने वागणारा सुपरवायझर रोजचे आयुष्य बदलू शकतो. घरच्यांना आणि गावाला पदाचा अभिमान असतो. त्यालाही किंमत आहे. एक मर्यादा मात्र लक्षात ठेवावी लागते. आयटीआय करून लागलेला माणूस बऱ्याच कारखान्यांत पहिल्या एक-दोन पायऱ्यांवर थांबतो, कारण पुढची पदे डिप्लोमा आणि पदवीधारकांसाठी असतात. ज्याला वर जायचे आहे त्याने अर्धवेळ डिप्लोमाची सोय आहे का आणि कंपनी तो ग्राह्य धरते का, हे बढतीपूर्वी विचारावे.

बढती कधी कधी हत्यार म्हणूनही वापरली जाते. कमिटीतल्या बोलक्या कार्यकर्त्याला स्टाफमध्ये घेतले की तो युनियनमधून आपोआप बाहेर पडतो. वर्ष-दोन वर्षांनी त्याला काढून टाकले तर संरक्षणही उरलेले नसते. हा धोका कायद्याने ओळखलेला आहे. औद्योगिक विवाद कायद्याच्या पाचव्या परिशिष्टात अनुचित कामगार प्रथांची यादी होती. कामगारांत फूट पाडण्यासाठी किंवा संघटनेची ताकद कमी करण्यासाठी पात्रता नसताना बढती देणे आणि संघटनेच्या कामामुळे एखाद्याची बढती नाकारणे, या दोन्ही गोष्टी त्या यादीत होत्या. ही यादी आता नव्या संहितेच्या दुसऱ्या परिशिष्टात आली आहे. पण अशी प्रथा सिद्ध करण्याचा भार ज्याच्यावर पडतो, त्याच्या हाती अनेकदा बढतीच्या पत्राची नीट प्रतही नसते.

निर्णयापुढे उभ्या असलेल्या कामगाराने काही गोष्टी लेखी मागायला हव्यात : नव्या पदाचे मुख्य काम काय, मूळ वेतन किती आणि सीटीसीमध्ये काय काय धरले आहे, प्रोबेशनची मुदत किती आणि त्या काळात काम जमले नाही तर मूळ पदावर परत घेणार का, नोटीस किती दिवसांची, बदली कुठेपर्यंत होऊ शकते, सेवा सलग धरली जाईल का. त्यानंतर चालू वेतन करार किती दिवसांत संपतो हे पाहावे. नवा करार तोंडावर असताना स्टाफमध्ये गेलेला माणूस त्याची वाढ आणि थकबाकी गमावू शकतो. युनियनच्या पदाधिकाऱ्यांशी आणि आधी स्टाफमध्ये गेलेल्या दोघा-तिघांशी मोकळेपणाने बोलून, घरच्यांना विश्वासात घेऊन मगच सही करावी.

एवढी माहिती स्वतःच्या बळावर मिळवणे प्रत्येक कामगाराला शक्य नसते. म्हणून राज्याच्या कामगार विभागाने पुढील पाच गोष्टी कराव्यात, अशी विनंती आहे.

एक. व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहितेने प्रत्येक कर्मचाऱ्याला नेमणूक पत्र देणे बंधनकारक केले आहे. राज्याने आपल्या अधिकारात, कामगार वर्गातून पर्यवेक्षक वर्गात जाणाऱ्यासाठी बढतीच्या पत्राचा मराठी नमुना ठरवावा. ‘या तारखेपासून आपण कायद्यानुसार कामगार राहणार नाही’ हे वाक्य आणि त्यामुळे सुटणारे हक्क त्यात स्पष्ट लिहिलेले असावेत.

दोन. पत्र मिळाल्यापासून विचाराला 21 दिवस मिळावेत. सेवाशर्तींत बदल करताना कायदा मालकाकडून 21 दिवसांची नोटीस मागतो. कामगाराच्या संपूर्ण वर्गाचाच बदल करताना त्यापेक्षा कमी वेळ देणे न्याय्य नाही.

तीन. सरकारी कर्मचाऱ्याला बढतीनंतरही नव्या पदावर कायम होईपर्यंत मूळ पदावर धारणाधिकार, म्हणजे त्या पदावर परत येण्याचा हक्क, असतो. हे तत्त्व महाराष्ट्र नागरी सेवा नियमांत आहे. तसाच किमान एक वर्षाचा धारणाधिकार कारखान्यातल्या कामगारालाही, त्याच्या जुन्या ज्येष्ठतेसह आणि ग्रेडसह मिळावा.

चार. बढतीसाठी राजीनामा घेण्यास मनाई असावी आणि बढती नाकारणे हे गैरवर्तन मानले जाऊ नये.

पाच. सहायक कामगार आयुक्तांच्या कार्यालयांत या विषयावर सल्ला देणारा अधिकारी नेमावा. पर्यवेक्षकांसाठी ठरलेली 18,000 रुपयांची मर्यादा महागाईशी जोडावी, असा प्रस्ताव राज्याने केंद्राकडे पाठवावा.

यातल्या कोणत्याही मागणीने मालकाचा बढती देण्याचा अधिकार कमी होत नाही. ज्या कारखान्याला खरोखर अनुभवी माणूस सुपरवायझर म्हणून हवा आहे, त्याला एक स्पष्ट पत्र देणे आणि वर्षभर जुनी जागा राखणे परवडते. त्यामुळे संघटनेतले हुशार कामगारही न घाबरता पुढे येतील आणि कारखान्यालाच अधिक चांगले सुपरवायझर मिळतील. कामगार विभागाने या मागण्यांवर कामगार संघटना आणि उद्योजकांच्या प्रतिनिधींची एकत्र बैठक बोलवावी आणि नियमांत योग्य ती तरतूद करावी.

कळावे.